अपराध्याचा मृत्यू आणि द्रौपदीची विनंती

शंका : ज्याने अनेकांचे संसार उद्ध्वस्त केले असा दुष्कर्मी कोणाच्या तरी हातून मारला गेला, तर साधकाने त्याविषयी हळहळ धरावी काय? धरल्यास पीडितांशी प्रतारणा घडते. न धरल्यास अहिंसेचा बोध उणा पडतो.

समाधान : सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी आश्रयाला आलेल्या सशाला पारध्यांपासून राखले, ती लीळा अशा वेळी सहज पुढे केली जाते. परंतु ससा निरपराध होता. अपराध्याविषयीचा आधार श्रीमद्भागवताच्या प्रथम स्कंधातील सातव्या अध्यायात सापडतो. द्रौपदीच्या निद्रिस्त पुत्रांचा घात करणाऱ्या अश्वत्थाम्याला अर्जुनाने पशूप्रमाणे दोरीने बांधून शिबिरात आणले. त्याची खाली गेलेली मान पाहून द्रौपदीनेच त्याला सोडण्याची विनंती केली. तो गुरुपुत्र होता, हे एक कारण झाले. पण तिचे खरे कारण निराळे आहे. त्याची माता कृपी अजून जिवंत होती. पुत्रशोकाने आपण रडतो तसे तिला रडावे लागू नये, एवढेच द्रौपदीला वाटले. यात अश्वत्थाम्याच्या पापाचे क्षालन नाही. तो निर्दोष आहे असे तिने म्हटलेले नाही.

आता महाभारताचे सौप्तिकपर्व पाहावे. तेथे हीच द्रौपदी अश्वत्थाम्याच्या वधासाठी प्रायोपवेशनाला बसते! हा भेद घाईने मिटवू नये. जिचे पुत्र गेले, तिच्या मुखी दोन्ही वचने शोभतात. कोणते उच्चारावे हे तिला इतरांनी सांगावयाचे नाही.

१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयात अक्कू यादव नावाच्या गुंडाला जमावाने ठार केले. त्या जमावात कस्तुरबानगर वस्तीतील स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. बलात्कार, खून, खंडणी असे त्याच्यावरील आरोप होते, आणि वस्तीला वर्षानुवर्षे रक्षण मिळाले नव्हते. त्या खटल्यातील आरोपी २०१४ साली पुराव्याअभावी सुटले. अशा वस्तीत जाऊन करुणेचे निरूपण करणे हे निरूपणकाराचे औद्धत्यच होय.

परंतु ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार व खून प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली. उधळणाऱ्यांतील बहुतेकांना त्या दुर्दैवी युवतीचे मुखही ठाऊक नसावे. अपराध अद्याप सिद्ध झालेला नव्हता. पुढे २०२२ साली न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने निष्कर्ष काढला, की गोळीबार ठार मारण्याच्या हेतूनेच झाला, आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. पीडिताचा क्रोध जखमेतून येतो. प्रेक्षकाच्या हर्षाला तेवढेही निमित्त नसते. तो परक्याच्या दुःखावर आपली करमणूक करून घेतो, आणि त्यालाच न्यायप्रेम म्हणतो. हळहळ कोणी धरावी, हा प्रश्न प्रथम त्याला विचारला पाहिजे.

भागवतात भीमाला वधच इष्ट वाटला. श्रीकृष्णांचे मनोगत जाणून अर्जुनाने केसांसहित मस्तकमणी छेदला आणि निस्तेज अश्वत्थाम्याला शिबिराबाहेर घालविले. त्यानंतर द्रौपदीसह पांडवांनी शोकाकुल होऊन मृत आप्तांची उत्तरक्रिया केली.