विहिरीवरील एंजिनाची बदली

सातारा रोडच्या कूपर कारखान्याचे जुने तेल-एंजिन विहिरीवर झिजले म्हणजे नवे घेताना केवळ अश्वशक्ती पाहून भागत नाही. फेरेही पाहावे लागतात. समजा, जुने मिनिटास 750 फेरे घेई, नवे 1500 घेते. जुनीच 12 इंची कप्पी नव्यावर चढविल्यास पट्ट्याने पंप दुप्पट वेगाने फिरू लागेल. विद्यार्थ्यांनी येथे अंमळ थांबावे. किर्लोस्करवाडीस होतात तशा केंद्रोत्सारी पंपास दुप्पट वेगासाठी सुमारे आठपट शक्ती लागते! एंजिन धापा टाकून बंद पडते, उभा ऊस वाळतो, आणि बोल मात्र बिचाऱ्या नव्या एंजिनास. 6 इंची कप्पी बसविली की पंपाचा वेग पूर्ववत् राहतो. दोन्ही कप्प्या एका रेषेत आल्या की नाहीत हे दोरी ताणून पाहावे. मगच पायाचे बोल्ट आवळावेत.