मृताला विचारलेला प्रश्न : ‘ओइजा’ (२०१४) आणि मराठी कथनपरंपरा

१

एखादी भयकथा फसली असे म्हटले जाते, तेव्हा ‘भीती वाटली नाही’ एवढाच त्याचा अर्थ बहुधा अभिप्रेत असतो. ही प्रतिक्रिया खरी असली तरी अपुरी आहे. भीती का वाटली नाही, याचे कारण पुष्कळदा तंत्रात नसून कथनाच्या रचनेत असते. स्टाइल्स व्हाइट दिग्दर्शित ‘ओइजा’ हा २०१४ साली प्रदर्शित झालेला कुमारवयीनांचा अमेरिकन भयपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. सुमारे ५० लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात १० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले. समीक्षकांनी मात्र त्याची प्रतिकूल संभावना केली. मृतात्म्याला बोलावणारा कोण, त्याचे मृताशी नाते काय आणि त्याला नेमके विचारायचे काय आहे, या तीन गोष्टींवर आवाहनकथेचे यश अवलंबून असते. ‘ओइजा’त या तिन्ही गोष्टी दुर्बल आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मराठी भाषा आणि मराठी कथनपरंपरा यांच्याशी तुलना केल्यास हे दौर्बल्य अधिक स्पष्ट होते.

२

प्लँचेटचा उगम एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य परलोकविद्येत आहे. १८४८ मध्ये अमेरिकेतील फॉक्स भगिनींनी मृतांशी संवाद साधत असल्याचा दावा केला आणि ही लाट युरोपभर पसरली. १८९१ मध्ये एलायजा बाँड यांच्या नावे ‘ओइजा’ पटाचे एकस्व नोंदले गेले आणि परलोकाशी बोलण्याचे साधन दुकानात मिळणारा खेळ झाले. पुढे या खेळाचे हक्क हॅसब्रो या खेळणी कंपनीकडे आले. चित्रपटाच्या निर्मितीतही हीच कंपनी सहभागी होती, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या साधनाची चिकित्साही तितकीच जुनी आहे. १८५२ मध्ये विल्यम कार्पेंटर यांनी कल्पनेच्या प्रभावाने नकळत होणाऱ्या स्नायूंच्या हालचालींचे विवेचन केले. १८५३ मध्ये मायकेल फॅरडे यांनी, फिरणारे टेबल भोवती बसलेल्यांच्याच हातांच्या दाबाने फिरते, हे प्रयोगाने दाखवून दिले. म्हणजे पटावरील उत्तर विचारणाऱ्याच्याच मनातून येते. साहित्याच्या अभ्यासकाला हा निष्कर्ष विशेष मोलाचा वाटावा. आत्म्याच्या अस्तित्वावर विश्वास असो वा नसो, प्लँचेटच्या कथेचा खरा विषय प्रश्न विचारणारा हाच असतो. पहिल्या महायुद्धात पुत्र गमावलेले शास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज काय, किंवा १९२९ मध्ये शांतिनिकेतनात माध्यमाद्वारे दिवंगत आप्तांशी संवाद साधणारे रवींद्रनाथ काय, दोघांच्याही प्रयत्नामागे वियोग होता.

३

‘ओइजा’च्या प्रारंभी डेबी ही मुलगी स्वतःच्या घरात गळफास घेते. तिची बालमैत्रीण लेन, बहीण आणि मित्रमैत्रिणी यांना घेऊन, डेबीच्याच घरात पटाभोवती बसते. यापेक्षा बळकट प्रारंभ शोधूनही सापडणार नाही. तिने असे का केले? आपल्या ध्यानात कसे आले नाही? शेवटच्या भेटीत ती काही सांगू पाहत होती काय? अशा मृत्यूनंतर मागे राहिलेल्यांना हे प्रश्न आयुष्यभर पुरतात.

परंतु चित्रपट या प्रश्नांपाशी थांबत नाही. पटावर येणारी शक्ती डेबी नसून त्या घरात पूर्वी राहणारी डोरिस झँडर आहे, हे उघड होते. त्यानंतर पोटमाळ्यावरील जुनी छायाचित्रे, मनोरुग्णालयातील वृद्ध बहीण, तळघरातील प्रेत आणि त्याचे शिवलेले तोंड अशी शोधकथा सुरू होते आणि मित्र एकेक करून मरतात. प्रत्येक मृत्यूनंतर कथेची गती वाढते, शोक मात्र वाढत नाही. दुसरा मित्र गेला तेव्हा पहिल्याची आठवण कोणाला राहिलेली नसते.

याहून गंभीर दोष आशयाचा आहे. डेबीने आत्महत्या केली नाही, ती दुष्ट शक्तीने घडवून आणली, असे अखेरीस निष्पन्न होते. मग ‘आपल्याला का कळले नाही’ हा प्रश्नच रद्द होतो. लेन निर्दोष ठरते, मित्र निर्दोष ठरतात, घर निर्दोष ठरते. कुमारवयीन प्रेक्षकांसाठी केलेल्या कलाकृतीने एका मुलीच्या आत्महत्येचा उपयोग केवळ दार उघडण्यापुरता करावा आणि मग ते दुःख दाराबाहेरच ठेवावे, ही निव्वळ कलात्मक चूक म्हणता येत नाही.

४

डेबी आणि डोरिस यांच्या घोटाळ्याचा आधार भाषिक आहे. पटावर रोमन अक्षरे आहेत आणि दोन्ही नावांचे आद्याक्षर ‘डी’ हेच आहे. त्यामुळे आलेली ती डेबीच, असा समज होतो. देवनागरीत स्वरचिन्ह व्यंजनाला चिकटूनच येते. बाराखडी मांडलेल्या पटावर ‘डे’ आणि ‘डो’ यांत पहिल्याच खुणेला फरक पडला असता आणि कथानकाचा हा सांधा निखळला असता. आपल्याकडील वसतिगृहांतून पालथी वाटी किंवा नाणे फिरवून हा खेळ खेळणारी मुलेही कागदावर बहुधा रोमन अक्षरेच मांडतात, याचे एक कारण बाराखडीच्या या विस्तारात असावे.

लिपीपेक्षा व्याकरणाचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. इंग्रजीतील द्वितीयपुरुषी सर्वनाम लहानथोर सर्वांना सारखेच लागू पडते. त्यामुळे समोर कोण आहे हे न ठरविताही प्रश्न विचारता येतो. मराठीत ‘कोण आहेस?’ आणि ‘कोण आहात?’ यांतून एकाची निवड करावीच लागते. मैत्रिणीला विचारायचे तर पहिले रूप, आजोबांना विचारायचे तर दुसरे. उत्तर देणाऱ्यालाही ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ यांपैकी एक म्हणावे लागते आणि तेवढ्यानेच त्याचे लिंग प्रकट होते. मराठीत मृताला हाक मारणे म्हणजे त्याच्याशी असलेले नाते उच्चारणे होय. कोणीही कोणालाही बोलवावे आणि कोणीही ‘ओ’ द्यावी, ही ‘ओइजा’तील मोकळीक मराठी वाक्यरचनेला सहजी मानवणारी नाही.

५

हे वैशिष्ट्य केवळ व्याकरणाचे नाही. लोकपरंपरेतही त्याची साक्ष मिळते. ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमविलेल्या आणि आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये सिद्ध केलेल्या कोकणातील लोकसमजुतींच्या संग्रहात ठाणे जिल्ह्यातील शाळामास्तरांनी पुरविलेली माहिती मोठ्या प्रमाणात आहे. वेताळ, खवीस, झोटिंग, देवचार, समंध, मुंजा, हडळ, जखीण अशी भुतांची जंत्रीच तीत आढळते. यांतील अनेक नावे मरणाऱ्याच्या अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यावरून पडली आहेत. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात दगावलेली स्त्री. भुताचे नाव उच्चारले की त्याचे काय राहून गेले, हेही कळते.

त्याच ठाणे जिल्ह्यातील ठाकुर्लीचे उदाहरण घेऊन स्थळाचाही विचार करता येईल. जी. आय. पी. रेल्वेने विजेच्या गाड्यांसाठी उभारलेले चोळ्याचे पॉवर हाऊस १९२९ च्या सुमारास सुरू झाले आणि १९८० च्या दशकात बंद पडले. ओसाड वीजकेंद्र, रुळांलगतची जुनी रेल्वेवसाहत, संध्याकाळचा काळोख ही भयपटाची आयती नेपथ्यरचना ठरेल. परंतु तेथे काम केलेल्यांची कुटुंबे याच परिसरात नांदत आली आहेत; तेथील मृत हे कोणाचे तरी वडील किंवा काका आहेत. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीत एक जुनी इमारत कोसळून नऊ जणांचा मृत्यू झाला. त्या जागेवर कोणी आवाहनकथा रचली आणि ‘इमारत झपाटलेली होती’ असा उलगडा केला, तर ती कथा वाचकाला असह्य होईल. तेथील प्रश्न जिवंत माणसांनी जिवंत माणसांना विचारायचा आहे आणि भुताने त्याचे उत्तर दिले तर तो दडपला जातो. ‘ओइजा’ने डेबीच्या बाबतीत नेमके हेच केले आहे.

मृताशी संवादाची मराठी रीत पाहायची तर पिंडाला शिवणाऱ्या कावळ्याकडे वळावे लागते. उषा दातार यांच्या कथेवर आधारलेला, महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘काकस्पर्श’ (२०१२) हा भयपट नव्हे. तरीही आवाहनकथेची तिन्ही अंगे त्यात पूर्णत्वाने आढळतात. धाकट्या भावाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नाही. त्याचे काय राहिले असेल, हे हरीला ओळखावे लागते. भावाच्या तरुण विधवेला, उमेला, परपुरुषाचा स्पर्श होणार नाही, असे वचन तो मनोमन देतो आणि कावळा शिवतो. येथे पट नाही, अक्षरे नाहीत, उत्तर केवळ एका स्पर्शाचे आहे. ते उत्तर हरीच्याच मनातून आले काय, ही शंकाही कथेला बाधत नाही. उलट तिच्यामुळे शोकांतिका गडद होते. त्या वचनाची किंमत उमा आणि हरी जन्मभर मोजतात. लेनने मात्र पट भट्टीत टाकला की तिचे देणे फिटते. अखेरीस पटावरची सोंगटी तिच्या खोलीत पुन्हा दिसते, ती पुढील भागाची जाहिरात म्हणूनच.

६

या प्रतिपादनाची कसोटी खुद्द याच चित्रपटाच्या पूर्वकथेत मिळते. माइक फ्लॅनगन यांचा ‘ओइजा : ओरिजिन ऑफ ईव्हिल’ (२०१६) १९६७ मधील लॉस एंजेलिसमध्ये घडतो. पट तोच, घर तेच, डोरिसही तीच. परंतु येथे विधवा आई पोटासाठी आत्म्यांना बोलावण्याचे खोटे प्रयोग करते आणि तिच्या लहान मुलीला मात्र गेलेल्या वडिलांशी खरोखरच बोलायचे आहे. एक धर्मगुरू मुलीची परीक्षा पाहण्यासाठी मनात मुद्दाम चुकीचे उत्तर धरतो आणि पट तेच चुकीचे उत्तर देतो. बोलणारा मृत आप्त नाही, हे त्याला कळते आणि प्रेक्षकाचा थरकाप होतो, कारण आईचे सांत्वन त्याच क्षणी खोटे ठरलेले असते. या चित्रपटाचे समीक्षकांनी पहिल्याहून पुष्कळच चांगले स्वागत केले. दोन्ही चित्रपटांचे साहित्य एकच असूनही परिणाम वेगळा झाला, याचे प्रमुख कारण दुसऱ्यात विचारणाऱ्याला खरा प्रश्न आहे, हे होय.

मृताला बोलावण्याच्या कथेत भीतीचे मूळ येणाऱ्यात नसून बोलावणाऱ्याच्या गरजेत असते. ‘ओइजा’ने ही गरज पहिल्या काही प्रसंगांत उभी केली आणि लगेच सोडून दिली. मराठी गूढकथेच्या आणि भयपटाच्या लेखकांनी या अपयशापासून घ्यावयाचा बोध असा की, पट, मेणबत्ती आणि काळोख ही सामग्री उसनी आणता येते, ‘कोण आहेस?’ म्हणावे की ‘कोण आहात?’ हा निर्णय मात्र ज्याचे माणूस गेले त्यालाच करावा लागतो.