ग्रीस व रोम येथील भग्नावशेष आणि आपली मांदाडची खाडी

अथेनै, करिंथ व रोम ही नावे आमच्या वाचकांस अपरिचित नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाच्या प्रवासाचे वृत्त वाचताना ती वारंवार येतात. त्या नगरांतील पडकी देवळे, नाट्यगृहे व स्तंभ पाहावयास आज सर्व देशांतून लोक जातात. इतका लांबचा प्रवास गावच्या शेतकऱ्यास किंवा उपदेशकास घडणे कठीण. परंतु ज्या शतकात पौल त्या नगरांत फिरला, त्याच शतकात तिकडील व्यापाऱ्यांस आपल्या कोकणची बंदरे ठाऊक होती. तेव्हा रोह्याच्या आसपास राहणाऱ्यांनी काय पाहावे, ते कसे पाहावे आणि काय राखावे, ह्याचा विचार ह्या पाठात करू.

१. इमारतींचे अवशेष कसे होतात

जुनी इमारत केवळ काळाने पडते असे पुष्कळांस वाटते. इतिहास तसे सांगत नाही. अथेनै येथील पार्थेनॉन नावाचे देऊळ इ. स. पूर्वी ४३२ त पुरे झाले व दोन हजारांहून अधिक वर्षे उभे राहिले. इ. स. १६८७ त लढाई चालू असता, आत साठविलेल्या बंदुकीच्या दारूवर तोफेचा गोळा पडून ते फुटले. रोमचे कलोसियम हे प्रचंड क्रीडागृह इ. स. ८० त खुले झाले. पुढे भूकंपाने त्याचा काही भाग ढासळला, आणि लोकांनी त्याचे दगड शेकडो वर्षे नव्या इमारतींस नेले. रोमातील पुष्कळ संगमरवर तर भाजून त्याचा चुना केला. उलटपक्षी, पाँपे हे नगर इ. स. ७९ त ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. ते १७४८ पासून उकरण्यात येऊ लागले, तेव्हा त्यातील रस्ते, भटारखाने व भिंतींवरील लिखाणही सापडले. ह्यावरून दिसते की, मनुष्याचा हात जेथे पोहोचला नाही तेथे अधिक शिल्लक राहिले.

२. ग्रीक व्यापाऱ्याचे पुस्तक

इ. स. पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिसर देशातील एका ग्रीक भाषा बोलणाऱ्या व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेविली. त्या पुस्तकास ‘पेरिप्लस’ म्हणतात. गलबते जुलै महिन्यात मिसराहून निघत, नैऋत्येच्या वाऱ्याने इकडे येत आणि हिवाळ्यातील ईशान्येच्या वाऱ्याने परत जात. त्या पुस्तकात ‘कल्लियेना’ म्हणजे कल्याण, ‘सेमुल्ला’ म्हणजे चौल, आणि त्यापुढे ‘मंदगोर’ अशी नावे ओळीने येतात. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते, आणि चौल तेथे लागूनच आहे. मंदगोर म्हणजे आपले मांदाड, असे काही विद्वानांचे मत आहे. दुसरे कित्येक बाणकोटाचे नाव घेतात. त्या काळी राजकीय झगड्यामुळे कल्याणास आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भरुचास नेली जात, असेही तो व्यापारी लिहितो.

३. कुडे येथे काय पाहावे

मांदाडच्या खाडीवरील डोंगरात कुडे गावाजवळ बौद्ध लेणी आहेत. ती २६ मोजली जातात. त्यांतील जुनी लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची असून भिंतींवर ब्राह्मी लिपीतील लेख आहेत. ते वाचून मोठा बोध होतो. मंदव वंशातील महाभोज नावाच्या सरदारांच्या पदरच्या माणसांची दाने तेथे आहेत. तसेच कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी, एक माळी व एक वैद्य ह्यांचीही आहेत. सहाव्या लेण्यातील कोरीवकाम दात्याच्या बायकोने करविले, असे तेथील लेखात आहे. थोरांच्या नावांबरोबर कामकरी मनुष्यांची व स्त्रियांची नावे दगडात राहिली, हे आम्हांस विशेष वाटते.

४. खरे व खोटे ह्यांची पारख

कित्येक जण हौसेने सांगतात की ही लेणी यवनांनी खोदली. तसा लेख कुडे येथे नाही. मात्र लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील मोठ्या चैत्यात कित्येक खांबांवर ‘धेनुकाकटचा यवन’ असे दात्यांचे वर्णन कोरलेले आहे. त्यांतील काहींची नावे हिंदी धर्तीची आहेत. म्हणून ‘यवन’ शब्द पाहताच तो मनुष्य नुकताच रोमाहून आला, असे मानू नये. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडन ह्या ग्रीक समुद्रदेवाची काशाची लहान मूर्ती सापडली. ती तेथील टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. वस्तू देशांतरास गेली म्हणजे तिचा मालकही गेला, असे ठरत नाही. ज्याला जितका पुरावा, तितकेच बोलावे.

५. आपले कर्तव्य

इ. स. २०२३ त एका प्रवाशाने कलोसियमच्या भिंतीवर आपले व सोबतिणीचे नाव कोरले, व ती गोष्ट जगभर निंदिली गेली. आपल्याकडील लेण्यांतही अशी नावे दिसतात. दोन हजार वर्षे टिकलेल्या माळ्याच्या नावावर आपले नाव खरडणे, म्हणजे एका गरीब दात्याची साक्ष पुसणे होय. संरक्षित स्थळाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शेत नांगरताना किंवा पाया खोदताना जुनी नाणी निघाली, तर ती सोनाराच्या मुशीत जाऊ देऊ नयेत. पुरलेले धन दहा रुपयांहून अधिक किमतीचे असल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे. नाणे वितळले की धातू उरतो. ते कोठून आले ही बातमी मात्र कायमची जाते.

पावसाळा संपल्यावर उपदेशकांनी शाळेतील मुलांस घेऊन कुडे येथे एकदा अवश्य जावे. सोबत भाकरी व पाणी न्यावे, आणि परत येताना कागदाचा कपटाही मागे ठेवू नये.

प्रश्न: (१) पार्थेनॉन व कलोसियम ह्यांची हानी कशाने झाली? (२) कुडे येथे कोणकोणत्या धंद्यांच्या लोकांनी दाने दिली? (३) आपल्या गावात जुने दगड, लेख किंवा तळी कोणती आहेत, व त्यांची काळजी कोण घेतो?