प्रयोगाआधीचे कागद

हौशी नाट्यसंस्थेत ज्याला अभिनय जमत नाही, त्याच्या हाती फाइल येते. आमच्या संस्थेत ती माझ्याकडे आहे. तालमीत कुणी "लायसन्स झालं का?" असं विचारलं की मी उलट विचारतो, "कुठलं?" लेखकाचं पत्र, सेन्सॉरचं प्रमाणपत्र, पोलिसांचा परवाना, सगळ्यांना मंडळी लायसन्सच म्हणतात. देणारे मात्र वेगवेगळे, आणि एकाने दिलं म्हणून दुसरा देईलच असं नाही.

१. आधी लेखक कधी गेला ते बघा. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात आणि मोजणी पुढच्या जानेवारीपासून होते. देवल १९१६ साली गेले, गडकरी १९१९ साली. त्यांची नाटकं खुशाल करा. अत्रे गेले १९६९ साली, म्हणजे 'मोरूची मावशी'साठी २०२९ संपेपर्यंत परवानगी हवीच. "जुनं नाटक आहे हो, कोण विचारतंय?" हे वाक्य ज्यांच्याकडून ऐकतो, ते बहुतेक वेळा अशाच एखाद्या नाटकाबद्दल बोलत असतात. तेंडुलकरांचं तर विचारूच नका, २००८ मध्ये साठ मिळवा.

रूपांतरात गुंता वाढतो. बर्नार्ड शॉ १९५० साली वारले, त्यामुळे आपल्याकडे त्यांचं 'पिग्मॅलियन' २०११ पासून मोकळं आहे. पण म्हणून 'ती फुलराणी' मोकळी होत नाही. ती पुलंची, आणि पुलं २००० साली गेले. मूळ नाटकावरून स्वतः नवं रूपांतर करायला कुणाची आडकाठी नाही. पुलंच्या फुलराणीला, मंजुळेला, हात लावायचा तर २०६० संपेपर्यंत विचारावं लागेल. संगीत नाटकात पदं कुणाची तेही तपासावं. 'एकच प्याला' गडकऱ्यांचं, पण त्यातली पदं वि. सी. गुर्जरांची, आणि ते गडकऱ्यांनंतर चार दशकांहून अधिक काळ हयात होते.

२. "करा हो, माझी काही हरकत नाही," असं लेखक फोनवर म्हणाले की आनंद माना आणि त्याच दिवशी पत्राचा मसुदा पाठवा. कायद्याला परवानगी लेखी लागते. पत्रात नाटकाचं नाव, किती प्रयोग, कुठे, कोणत्या काळात, तिकीट लावून की विनामूल्य आणि मानधन किती, एवढं तरी असावं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. हे संस्थेच्या सोयीचं, पण लेखकाच्या मनात एकच प्रयोग असला तर पुढे कटुता येते. म्हणून मी स्वतःच मुदत घालतो.

लेखक हयात नसतील तर वारस शोधा, पण हक्क थोरल्या मुलाकडेच असतील असं गृहीत धरू नका. कधी मृत्युपत्राने ते मुलीकडे गेलेले असतात, कधी एखाद्या न्यासाकडे. एका नाटकासाठी मी ज्यांना आदराने "दादा, सही द्या" म्हणत होतो, ते शांतपणे म्हणाले, "देतो की, पण ताईची आणि धाकट्याचीही लागेल." तिघं तीन शहरांत होती. हक्क सामाईक असले की एकाच्या होकारावर पडदा वर जात नाही.

३. सेन्सॉर, म्हणजे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. नाटक आधी सरकारी मंडळाला वाचायला द्यावं लागणं मला आजही पटत नाही. इंग्रजांनी केलेला १८७६चा नाट्यप्रयोग कायदा अलीकडे रद्द झाला. पूर्वपरीक्षण मात्र राज्याच्या पोलीस कायद्याखालच्या नियमांनी चालूच आहे. १९७२ साली 'सखाराम बाइंडर' अडवलं गेलं तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. तेवढी ताकद आपल्यात नसेल, तर संहिता वेळेत पाठवावी हे बरं. आणि प्रमाणपत्र संहितेला मिळतं. तालमीत सुचलेल्या नव्या प्रवेशाला ते आपोआप लागू होत नाही.

४. स्नेहसंमेलनाला सूट आहे. विद्यार्थी आणि शिक्षकांनी केलेला प्रयोग बघायला शाळेतलीच माणसं आणि पालक असतील, तर लेखकाच्या परवानगीवाचून चालतं. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केला तरी चालतं. मात्र 'देणगी प्रवेशिका' छापली की तो फुकट प्रयोग उरत नाही, हे गणेशोत्सवातल्या कार्यकर्त्यांना समजावताना घसा बसतो. सूट असली तरी मी लेखकाला कळवतोच. तो प्रयोगाला आला तर बरंच आहे.

५. उघड्यावरच्या प्रयोगाला ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. रात्री दहाला आवाज बंद. सरकारने सवलत दिलेल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत. पहाटेपर्यंत रंगणाऱ्या कोकणातल्या दशावताराला हा नियम कसा जाचत असेल, याची कल्पना करा.

६. दोन प्रवेशांमध्ये सिनेमातलं गाणं लावायचा मोह टाळा. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळ्या हातांत असू शकतात, आणि नाटककाराच्या पत्रात त्यातलं काहीच येत नाही. त्यापेक्षा गावातला पेटीवाला बोलवा.

७. स्पर्धेच्या वेळेत बसवण्यासाठी दिग्दर्शक कात्री चालवतात. "कलावंताला तेवढी मोकळीक असते," म्हणतात. असेल, पण ती आपापल्या कलाकृतीत. हक्क विकून टाकल्यावरही, नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड झाली तर लेखकाला दाद मागता येते. गाळलेली पानं खूण करून पाठवली की बहुतेक लेखक मान्य करतात. एकांनी तर आम्हाला नसतं सुचलं असं आणखी पान गाळून दिलं.

यंदाच्या राज्य नाट्य स्पर्धेसाठी कुणी तयारी करत असेल, तर एवढं ऐका: लेखकाला पहिला फोन वाचनाच्या आधी करा, प्रवेशअर्ज भरायच्या आदल्या रात्री नको.