शंका घेऊन परतणारा शिष्य

वेदान्तावरील ग्रंथ घरी आणून वाचता येतात; मग गुरूपाशी बसावयाचे कशासाठी, असे जिज्ञासू मंडळी वारंवार विचारतात. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायातील इंद्र-विरोचनाच्या आख्यानात याचे उत्तर आहे, आणि आमच्या गुरुजींपाशी पाठ घेताना त्याचा काही प्रत्यय मलाही आला.

आत्मज्ञानासाठी देवांतून इंद्र व असुरांतून विरोचन प्रजापतीकडे गेले. 32 वर्षे ब्रह्मचर्याने राहिल्यावर प्रजापतीने त्यांस पाण्याच्या पात्रात पाहावयास सांगितले. आपले अलंकृत प्रतिबिंब पाहून दोघेही संतोषाने निघाले. देह हाच आत्मा, असे विरोचनाने असुरांस शिकविले. इंद्र मात्र वाटेतच थबकला. देह आंधळा झाला तर हा आत्माही आंधळा, देह नाहीसा झाला तर हाही नाहीसा! हाती समिधा घेऊन तो परतला. पुढे स्वप्नातील आत्मा सांगितला गेला. पण स्वप्नातही भय आणि रुदन असते. मग गाढ निद्रेतील. पण तेथे 'हा मी' एवढेही भान नसते. 32 वर्षांच्या तीन आवृत्त्या आणि अखेरची 5, अशी 101 वर्षे गेली. तेव्हा कोठे, देह मर्त्य असून अमर, अशरीर आत्म्याचे ते अधिष्ठान आहे, हा उपदेश त्यास लाभला.

यातून मला दोन बोध झाले. पहिला हा की, आरंभीचा उपदेश दोघांस एकच होता. अंतर पडले ते परतून येण्याने. गुरुजी पाठ संपल्यावर 'समजले काय?' असे विचारीत नसत. दुसरे दिवशी 'काय अडले?' असे विचारीत. काहीच अडले नाही म्हणणाऱ्यास तोच पाठ पुन्हा मिळे.

दुसरा बोध हा की, शंका जीवनातून उठावी लागते. त्याच सुमारास माझ्या मातोश्री निवर्तल्या. देह गेला, मग उरले काय, हा तोवर पोथीतला असलेला प्रश्न घरचा झाला. गुरुजींनी सांत्वनपर भाषण न करता इंद्राची पहिली शंका मजकडून पुन्हा वाचून घेतली. दुःख ओसरले असे मी म्हणणार नाही. परंतु त्या शंकेपासून पळण्याऐवजी तिच्यासह पाठास बसण्याचे धैर्य आले.

एकट्याने मनन करताना मन सोयीचे उत्तर चटकन स्वीकारते. तेथे न थांबू देणारा कोणी जवळ असावा, यासाठी गुरू. म्हणून मुलांस पाठास धाडताना घोकलेली उत्तरे नव्हेत, तर एक प्रामाणिक शंका त्यांच्याबरोबर द्यावी.