पाट्याकडून मिक्सरकडे : वाटणाविषयी अनुभवाचे बोल

बुऱ्हाणपूर जिल्हा तापीच्या खोऱ्याने खानदेशाशी जोडलेला असल्यामुळे तेथील मराठी घरांतही काळ्या मसाल्याची रस्साभाजी, वांग्याचे भरीत आणि ठेचा यांना मान आहे. रस्साभाजीची चव वाटणावर, म्हणजे भाजलेले खोबरे, कांदा, लसूण व मसाले यांच्या बारीक ओल्या गोळ्यावर अवलंबून असते; म्हणून अशा घरांनी मिक्सरला दीर्घकाळ केलेला विरोध हा निव्वळ जुन्याचा हट्ट ठरत नाही. पाट्यावर वरवंट्याने रगडताना खोबऱ्याचा कण चिरडला जाऊन त्यातील तेल सुटते, मिक्सरचे पाते मात्र तो कण कापते. त्यामुळे घाईने केलेले वाटण रवाळ राहते, आणि ते बारीक व्हावे म्हणून पाणी ओतत गेल्यास परतताना ते आटेपर्यंत तेल सुटत नाही व तर्री, म्हणजे रश्श्यावर तरंगणारा लालसर तेलाचा थर, नीट येत नाही.

मऊ पदार्थांसाठी घडवलेल्या परदेशी यंत्रांना सुके खोबरे, हळकुंड किंवा भिजवलेली डाळ झेपत नसे. मुंबईतील अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांचे जर्मन बनावटीचे यंत्र बंद पडल्यावर सत्यप्रकाश यांनी भारतीय वाटणाला पुरेल अशा ताकदीच्या मोटारीचा ध्यास घेतला आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीतून ‘सुमीत’ मिक्सर घरोघरी पोहोचू लागला. पाट्यापुढे रोज वाकून बसणे आणि पृष्ठभाग गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घेणे, या कष्टांतून त्यामुळे बायकांची सुटका झाली. ही सुटका चवीइतकीच मोलाची आहे.

मात्र यंत्राची रीत पाळल्याशिवाय ते प्रिय होत नाही. भाजलेले जिन्नस पूर्ण गार होऊ द्यावेत, कारण बंद भांड्यात गरम वाटण फिरवल्यास वाफ कोंडून झाकण उडते आणि हात-तोंड भाजते. आधी धणे, खसखस व खोबरे कोरडेच फिरवावे, मग कांदा-लसूण घालावा आणि पाणी शेवटी, चमच्याने मोजून घालावे. भांडे निम्म्यापेक्षा जास्त भरू नये. थोडे फिरवून थांबावे, मिक्सर बंद करून कडेचे वाटण खाली ओढावे आणि पुन्हा फिरवावे. सलग फिरवल्याने मसाला तापून त्याचा वास उडतो व मोटारीवरही ताण येतो. ताण वाढताच वीज तोडणारी ओव्हरलोडची कळ बहुधा यंत्राच्या तळाशी असते. ती लगेच दाबू नये, भांड्यातील माल कमी करून व मोटार निवू देऊन मगच दाबावी. पात्याजवळ हात नेण्यापूर्वी प्लग काढलाच पाहिजे.

ठेचा खलात किंवा पाट्यावरच करावा आणि भरीत लाकडी भांड्यातच कुटावे, कारण त्यांचा जाडसरपणा हीच त्यांची चव आहे. ज्या घरात मिक्सरविषयी अजून अढी आहे, तेथे सुरुवात वाटणाने न करता शेंगदाण्याच्या कुटाने करावी: दाणे क्षणभर फिरवून थांबल्यास मोकळा कूट मिळतो, थांबायला उशीर झाल्यास तेल सुटून गोळा होतो, आणि कोठे थांबायचे हे हाताला कळले की पुढचे वाटणही साधते.