लॉजच्या आवारात फुलझाडं लावताय? आधी हा हिशेब मांडा

तुमच्या फ्रीमेसन लॉजच्या, जिमखान्याच्या किंवा ज्ञातिमंडळाच्या इमारतीभोवती सभासदांनी श्रमदानातून बाग करायचं ठरवलंय? मग एक गोष्ट लक्षात ठेवा. यात रोपांवर त्यामानाने थोडाच खर्च होतो. पैसा जातो तो माती, टेम्पो, हमाली आणि पुढच्या उन्हाळ्यातल्या पाण्यावर.

आमच्या संस्थेत २० फूट लांब, ३ फूट रुंद आणि १ फूट खोल असा एकच वाफा केला. राडारोडा उचलायला २,८०० रुपये, माती ३,४००, शेणखत १,१५०, हमाली ९००, पाइप आणि जोडण्या १,६२०, आणि ३८ रोपं प्रत्येकी ६० रुपयांनी २,२८०. एकूण १२,१५०. तुमच्या गावात दर वेगळे असतील, पण प्रमाण असंच निघेल: रोपांचा वाटा पाचवा हिस्साही नाही. खणायचे हात फुकट मिळाले, तरी एवढा खर्च आला.

कुदळ मारण्यापूर्वी तीन कागद करा. पहिला, कार्यकारिणीचा ठराव: जागा कोणती, रक्कम किती, जबाबदार कोण. इमारत विश्वस्त निधीच्या नावावर असेल तर बिलंही त्याच नावाने घ्या, सभासदाच्या नावाने नकोत. दुसरा, आवारात आधीपासून असलेल्या झाडांसंबंधीची परवानगी. शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे झाड तोडायलाच नव्हे, फांद्या छाटायलाही आधी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. झाडाचे फोटो, मालमत्तेचा उतारा आणि करपावती जवळ ठेवा. इमारत लष्कर भागात असेल तर कँटोन्मेंट बोर्डात विचारा. तिसरा, वारसा यादी तपासल्याची नोंद. इमारत यादीत असेल तर फरशी उखडणं, कुंपण बदलणं किंवा कारंजं बसवणं विचारल्याशिवाय करू नका. फाटकाबाहेरचा फुटपाथ तुमचा नाही, तिथे कुंड्या मांडू नका.

आता माती. सगळ्यांत जास्त फसवणूक इथेच होते. मातीचा भाव ब्रासवर ठरतो, आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. वर सांगितलेला वाफा ६० घनफुटांचा. दोन भाग माती, एक भाग शेणखत धरलं तर ४० घनफूट माती पुरते. विक्रेता ‘एक ब्रास घेऊन टाका’ म्हणेल, ऐकू नका. आमची पहिली खेप आली तेव्हा वरची वीतभर माती लालबुंद होती आणि खाली विटांचे तुकडे, प्लास्टर, मुरूम. टेम्पो रिकामा झाल्यावर काय बोलणार? म्हणून उतरवण्याआधी ढिगात पहार घालून खालची माती काढा. ती काचेच्या बाटलीत एक तृतीयांश भरा, वर पाणी ओता, हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांनी, चिकणमाती दुसऱ्या दिवशी. तळाशी नुसते खडेच साचले तर ती माती घेऊ नका. भाव ठरवताना ‘टेम्पो आणि उतराई धरून’ असं लिहून घ्या, नाहीतर हमाली दारात वेगळी मागतात.

वाफा भिंतीला चिकटून करू नका, दोन फूट अंतर सोडा. जुन्या दगडी भिंतीत रोजच्या पाण्याची ओल चढली, की तिची दुरुस्ती बागेच्या कितीतरी पट महाग पडते.

रोपं निवडताना एक प्रश्न विचारा: लोक आवारात येतात कधी? लॉजच्या सभा बहुधा संध्याकाळी असतात. जास्वंदीचं फूल दिवसभराचं, सभासद येईपर्यंत मिटत आलेलं. पारिजातकाचा सडा पहाटे पडतो, तो फक्त रखवालदार पाहील. तुम्हाला हवी आहेत तगर, अनंत, कुंदा, मोगरा: पांढरी, अंधारातही दिसणारी, फाटकातच वास येणारी. रातराणी एखादीच, तीही खिडकीपासून लांब. लहान मुलं येत असतील तर कण्हेर टाळा, तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. पिटुनिया, डायएंथस दिसायला सुरेख, पण ऑक्टोबरात लावलेले मार्चअखेर संपतात, म्हणजे तो खर्च दरवर्षीचा. झेंडू दसऱ्याला हवा असेल तर रोपं जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला लावा.

पुण्यात असाल तर सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या पट्ट्यातल्या रोपवाटिकांत ठोक भाव मिळतो. चाळीसपेक्षा कमी रोपं घ्यायची असतील तर टेम्पोभाडं बचत खाऊन टाकतं, मग एम्प्रेस गार्डनची रोपवाटिका बरी. पिशवीचा आकार विचारा, पिशवीतून मुळं बाहेर आलेलं रोप नाकारा. दहा टक्के रोपं जास्त घ्या, नांग्या भरायला लागतातच.

जिवंत रोपांवर जीएसटी नाही. प्लॅस्टिकच्या कुंड्यांवर आहे. बिलात सरसकट कर लावला असेल तर वेगवेगळं बिल मागा. नोंदणीकृत ठेकेदाराला रोपांसकट सगळं काम दिलंत तर पूर्ण रकमेवर १८ टक्के लागतो, म्हणून रोपं संस्थेने स्वतः घ्यावीत.

देणगीदारांनाही आधीच सांगा. करसवलतीची, म्हणजे ८० जीची पावती वस्तूंवर मिळत नाही. पाच हजारांची रोपं आणून दिली तर सवलत शून्य. तेच पाच हजार धनादेशाने किंवा यूपीआयने दिले, संस्थेकडे ८० जीची मान्यता असली आणि देणगीदार जुन्या करप्रणालीत असला, तर मिळते. रोख २,००० रुपयांपर्यंतच चालते.

हिरवळ लावायचा मोह आवरा. उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज सुमारे ५ लिटर पाणी धरा. ५०० चौरस फूट हिरवळीला रोज साधारण २३० लिटर, महिन्याला ७,००० लिटर लागतात, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरचा दोन तृतीयांशाहून थोडा जास्त भाग. त्याच उन्हाळ्यात वर सांगितलेला वाफा दिवसाला २८ लिटर घेतो, दोन बादल्यांचं काम.

लागवड पहिल्या दोन पावसांनंतरच करा. श्रमदानाला वीस हात येतील, पण पाणी घालणाऱ्यांची यादी त्याच दिवशी भिंतीवर लावा: ऑक्टोबर ते जून, आठवड्याला एक नाव, पुढे मोबाईल क्रमांक. मे महिन्याच्या चार ओळी आधी भरून घ्या. त्यातल्या दोन रिकाम्या राहिल्या तर एक वाफा कमी करा, किंवा तेवढ्या आठवड्यांसाठी माळ्याचे पैसे आत्ताच बाजूला काढा.